दमा ओळखायचा कसा? तपासणीच्या वेळी दडून बसणाऱ्या आजाराविषयी

रात्री तीनच्या सुमारास जाग येते. छाती कुणीतरी आवळून धरल्यासारखी वाटते, उताणे झोपवत नाही, म्हणून माणूस उठून पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसतो आणि श्वास सोडताना आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहतो. घरातली माणसे उठतात, कोणी पाठ चोळते, कोणी गरम पाणी आणून देते. तासाभराने थोडासा चिकट कफ पडतो आणि डोळा लागतो. सकाळी अकरा वाजता हाच माणूस दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याची छाती स्वच्छ असते, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दिसतो, एक्स-रेमध्ये काही सापडत नाही, आणि ‘ॲलर्जीचा खोकला आहे’ एवढे ऐकून, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी खिशात घालून तो घरी परततो.

दम्याच्या निदानातील मुख्य अडचण या आठ तासांत सामावलेली आहे. मधुमेहात साखर वाढलेली असते आणि ती रक्तात मोजता येते. हाड मोडले असेल तर ते चित्रात दिसते. दमा मात्र येतो आणि जातो, आणि कोणतीही एक तपासणी फक्त त्या घटकेची स्थिती सांगते. त्यामुळे दमा सिद्ध करायचा म्हणजे श्वासनळ्या एका वेळी अरुंद आणि दुसऱ्या वेळी मोकळ्या असतात, हा बदल पकडायचा. पुढे ज्या तपासण्यांची माहिती दिली आहे, त्यांतील बहुतेक हा बदल पकडण्याच्याच निरनिराळ्या युक्त्या आहेत.

आजाराची ही चाल नव्याने कळलेली नाही. आयुर्वेदात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील ‘तमक श्वास’ आजच्या दम्याशी बराच जुळतो; आडवे पडल्यावर त्रास वाढतो, बसल्यावर बरे वाटते आणि ढगाळ, गार हवेत आजार उसळतो, हे निरीक्षण त्यात आलेले आहे. आपण वापरतो तो ‘दमा’ हा शब्द फारसीतील ‘दम’, म्हणजे श्वास, यावरून आला.

नळीच्या आत काय घडते

मुख्य श्वासनलिका छातीत उतरल्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे दोन-दोन शाखांत फुटत जाते आणि साधारण तेवीस वेळा फुटल्यावर वायुकोशांपर्यंत पोहोचते. दम्यात या नळ्यांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ टिकणारी सूज असते, आणि रुग्णाला बरे वाटत असतानाही ती पूर्णपणे ओसरलेली असतेच असे नाही. सुजलेली नळी हळवी होते. मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्तीचा किंवा डासांच्या कॉइलचा धूर, माळ्यावरून काढलेल्या गोधडीची धूळ, पहाटेचा गार वारा किंवा साधी सर्दी यांपैकी कशानेही निरोगी माणूस दोनदा खोकून मोकळा होतो. दमेकऱ्याच्या नळीभोवतीचा स्नायू मात्र आवळला जातो, अस्तर आणखी फुगते आणि आत घट्ट कफ साचतो.

नळी थोडी अरुंद झाल्याने एवढा त्रास का व्हावा, हे समजून घेण्यासाठी शाळेतले थोडे भौतिकशास्त्र आठवावे लागते. व्यास निम्मा झाला तर हवा ढकलायला दुप्पट जोर लागेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा सोळा पट वाढतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. औषधाने नळी थोडीशीच उघडली तरी रुग्णाला काही मिनिटांत जग मोकळे झाल्यासारखे वाटते, त्याचेही कारण हेच.

आणखी एक गोष्ट सहसा उलटी समजली जाते. दम्याचा झटका आलेला माणूस ‘श्वास आत घेता येत नाही’ असे म्हणतो, पण मूळ अडथळा श्वास सोडण्यात असतो. श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्यांनाही बाहेरून ताणून उघडी ठेवते. सोडताना तो ताण सुटतो आणि आधीच अरुंद असलेल्या नळ्या अधिक मिटतात. हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, उरलेली हवा आत साचत जाते आणि छाती भरलेल्या पखालीसारखी ताठरते. भरलेल्या पखालीत आणखी पाणी मावत नाही, तसा नवा श्वास आत मावत नाही. ‘छाती भरली’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोग लोक कफाच्या अर्थाने वापरतात, तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे.

पहाटेची वेळही योगायोगाने येत नाही. सूज आवरणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास शरीरात सर्वांत कमी असते आणि श्वासनळ्या पहाटे चारच्या सुमारास सर्वाधिक अरुंद असतात. निरोगी माणसात हा फरक जाणवण्याइतका नसतो. दमेकऱ्याला तो झोपेतून उठवतो.

हकिगत हीच पहिली तपासणी

धाप, छातीतील शिट्टी, छाती आवळणे आणि खोकला ही दम्याची चार लक्षणे होत. यांपैकी एकटे लक्षण फारसे काही सांगत नाही. नुसता खोकला तर शंभर कारणांनी होतो. मात्र दोन-तीन लक्षणे एकत्र येत असतील, ती रात्री किंवा पहाटे वाढत असतील, आज आहेत आणि चार दिवसांनी नाहीत असे होत असेल, आणि धूळ, धूर, व्यायाम, हसणे, सर्दी अशा ठरावीक निमित्तांनी उसळत असतील, तर दम्याचा संशय बळावतो. काहींना वर्षानुवर्षे फक्त कोरडी ढास लागते आणि शिट्टी कधीच ऐकू येत नाही, तरीही तो दमा असू शकतो.

रुग्णाची भाषा आणि डॉक्टरांची भाषा यांत येथे अनेकदा अंतर पडते. ‘घरघर’ हा शब्द आपण चोंदलेल्या नाकासाठी, घशातील कफासाठी आणि छातीतील शिट्टीसाठी सारखाच वापरतो. त्यामुळे रात्री आवाज येत असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवणे हा सोपा आणि फार उपयोगी उपाय आहे, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. अकरा वाजता न ऐकू येणारी शिट्टी डॉक्टरांना त्यात ऐकू येते.

निमित्तांचा शोध घरापासून कामापर्यंत घ्यावा लागतो. पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल आणि तिच्यावरची बुरशी, झुरळे, उशा-गाद्यांतील धुळीचे सूक्ष्म किडे, दिवाळीच्या तोंडावरची साफसफाई आणि मागोमाग येणारा फटाक्यांचा धूर ही आपल्याकडची ठळक निमित्ते. गाजर गवत १९५०च्या दशकाच्या मध्यास पुणे परिसरात प्रथम नोंदले गेले आणि नंतर देशभर पसरले; त्याच्या परागकणांचाही अनेकांना त्रास होतो. बेकरीत, पिठाच्या गिरणीत, सुतारकामाच्या किंवा गाड्या रंगवण्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला ‘सुट्टीत गावी गेल्यावर बरे वाटते का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि होकार आला तर कामाच्या जागेकडे बोट जाते. औषधांचीही चौकशी हवी. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब यांनी काहींचा दमा उसळतो. डोळ्यांत घातलेल्या थेंबाने छाती आवळेल, हे कोणाच्या सहजासहजी ध्यानात येत नाही.

फुंकण्याची तपासणी

हकिगतीवरून आलेला संशय मोजमापाने पक्का करण्याचे मुख्य साधन म्हणजे स्पायरोमेट्री. दवाखान्यात तिला बहुधा ‘पीएफटी’ म्हणतात. फुप्फुसांतील हवा मोजण्याचे यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली मांडले आणि दोन हजारांहून अधिक माणसांवर ते वापरून दाखवले. त्यात एकूण हवा मोजली जात असे. ती किती वेगाने बाहेर पडते याकडे लक्ष गेले ते शंभर वर्षांनी, १९४७ साली फ्रान्सच्या रोबेर तिफनो यांच्या कामातून. आणि दम्यात कळीचा असतो तो वेगच.

तपासणी दिसते सोपी, पण ती नीट होण्यासाठी रुग्ण आणि तंत्रज्ञ दोघांनाही मेहनत घ्यावी लागते. रुग्णाला खुर्चीवर ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात आणि पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात. मग पोटभर श्वास आत ओढायचा आणि क्षणही न थांबता पूर्ण ताकदीने सोडायचा. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ‘फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ असे ओरडत असतो, आणि आता आत काहीच उरलेले नाही असे वाटल्यावरही दोन-तीन सेकंद फुंकत राहावे लागते. चेहरा लाल होतो, कधी खोकल्याची उबळ येते, कधी नळीच्या कडेने हवा निसटते. असे किमान तीन चांगले प्रयत्न मिळायला हवेत आणि त्यांतील सर्वोत्तम दोन एकमेकांशी जुळायला हवेत. अर्धवट फुंकलेल्या एका प्रयत्नावर काढलेला अहवाल कागदावर कितीही आकर्षक दिसला तरी त्याचा उपयोग नसतो. आलेख रंगीत असला म्हणजे तपासणी बरोबर झाली, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी.

अहवालात पुष्कळ आकडे असतात, पण सुरुवातीला दोनच पाहावेत. जोर लावून बाहेर काढलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी, आणि त्यातील पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-१. निरोगी प्रौढ माणूस एकूण हवेपैकी साधारण ७५ ते ८० टक्के किंवा अधिक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो, आणि मुलांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असते. समजा, एका शिक्षिकेची एकूण हवा ३ लिटर आणि पहिल्या सेकंदातील हवा १.९५ लिटर भरली. प्रमाण ६५ टक्के आले, म्हणजे नळ्यांत अडथळा आहे. आलेखाची उतरती रेषाही सरळ न येता झोळीसारखी मध्ये लोंबलेली दिसते.

एवढ्यावरून दमा ठरत नाही, कारण असा अडथळा इतर आजारांतही असतो. म्हणून आता तिला साल्ब्युटामॉल या नळ्या उघडणाऱ्या औषधाचे काही फवारे पंपातून देतात, दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवतात आणि पुन्हा फुंकायला सांगतात. या वेळी पहिल्या सेकंदातील हवा २.३० लिटर भरली. वाढ ३५० मिलिलिटर, म्हणजे जवळपास १८ टक्के झाली. प्रौढांत १२ टक्क्यांहून आणि त्याच वेळी २०० मिलिलिटरहूनही अधिक वाढ झाली तर ती अर्थपूर्ण मानण्याचा प्रघात आहे; अलीकडे काही संस्था हा हिशेब थोडा वेगळ्या पद्धतीने मांडतात, पण तत्त्व तेच राहते. बंद असलेली नळी औषधाने उघडली, आणि जो बदल पहाटे तीन ते सकाळी अकरा या वेळात कोणाला दिसला नव्हता, तो पाव तासात डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घडला.

तपासणीपूर्वी तात्काळ आराम देणारा पंप किमान चार तास घेतलेला नसावा, आणि लांब पल्ल्याची औषधे किती वेळ बंद ठेवायची हे डॉक्टरांना आधी विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण जोराने फुंकणे तेव्हा योग्य नसते.

तपासणी नॉर्मल आली तर

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण गोंधळ येथेच होतो. त्रास नसलेल्या दिवशी केलेली स्पायरोमेट्री नॉर्मल आली तर त्या दिवशी नळ्या मोकळ्या होत्या एवढेच सिद्ध होते. ‘दमा नाही’ असा तिचा अर्थ काढता येत नाही.

अशा वेळी फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारा पीक फ्लो मीटर कामाला येतो. ब्रिटनच्या मार्टिन राइट यांनी १९५०च्या दशकात तयार केलेल्या अवजड यंत्राचे हे आजचे प्लॅस्टिकचे, वीतभर लांबीचे रूप. उभे राहून एक जोरदार फुंकर मारायची आणि काटा कुठवर सरकला ते पाहायचे. तीन फुंकरांतला सर्वांत मोठा आकडा सकाळी आणि संध्याकाळी वहीत लिहायचा. दोन आठवड्यांत वही बोलू लागते. समजा, सकाळी ३१० आणि संध्याकाळी ३८० असे आकडे आले. फरक ७० चा, सरासरी ३४५. म्हणजे त्या दिवशीची तफावत सुमारे २० टक्के. अशा रोजच्या तफावतींची सरासरी प्रौढांत १० टक्क्यांच्या आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर राहिली तर ती दम्याच्या बाजूने पुरावा ठरते. स्पायरोमीटर तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही. पीक फ्लो मीटर हे साधन मात्र स्वस्त आहे, विजेशिवाय चालते आणि मुख्य म्हणजे पहाटे घरात हजर असते. तरीही ते आपल्याकडे फार कमी वापरले जाते, हे मला कोड्यात टाकते.

याउपरही संशय उरला तर मोठ्या केंद्रात मेथाकोलिन नावाचे औषध अत्यल्प मात्रेपासून हुंगवून नळ्या किती हळव्या आहेत ते पाहतात. मुद्दाम नळी आवळून बघण्याची ही परीक्षा देखरेखीखालीच करायची असते. श्वासातील नायट्रिक ऑक्साइड आणि रक्तातील इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढलेल्या असतील तर विशिष्ट प्रकारच्या ॲलर्जिक सुजेचा अंदाज येतो. त्वचेवरील ॲलर्जी चाचणी आणि आयजीई या ॲलर्जीशी संबंधित प्रथिनाची रक्तचाचणी यांवरून मात्र शरीर कशाला चिडते एवढेच कळते. धुळीची ॲलर्जी असलेल्या अनेकांना दमा नसतो, आणि ॲलर्जी नसलेल्या अनेकांना तो असतो, त्यामुळे हजारो रुपयांच्या ॲलर्जी पॅनेलवरून दम्याचे निदान होत नाही. दम्यात एक्स-रे बहुधा नॉर्मलच असतो. तो काढायचा तो दुसरे काही दडलेले नाही ना, हे पाहण्यासाठी.

दम्यासारखे दिसणारे इतर

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर आपल्या देशात प्रथम क्षयाची तपासणी झाली पाहिजे. अनेक वर्षे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला आणि तितकीच वर्षे चुलीसमोर बसलेल्या बाईला चाळिशीनंतर धाप लागू लागली, ती दिवसेंदिवस वाढतच गेली आणि पंपाने नळ्या पूर्ण उघडत नसल्या, तर तो बहुधा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा दीर्घकालीन आजार, असतो. बाई कधी सिगारेट ओढत नव्हती म्हणून हे निदान कित्येकदा कोणाला सुचतच नाही. हृदय कमजोर झाल्यानेही रात्री धाप लागते आणि छातीत शिट्टीही वाजते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशा हत्तीरोगाच्या भागांत रात्रीचा खोकला आणि घरघर यांमागे हत्तीरोगाच्या जंतांना शरीराने दिलेली तीव्र प्रतिक्रिया असू शकते. त्यात इओसिनोफिल पेशी प्रचंड वाढतात आणि उपचार वेगळा असतो.

लहान मुलांची गोष्ट निराळी. पाच वर्षांखालील मुलाला नीट फुंकता येत नाही, आणि या वयात साध्या विषाणूंच्या सर्दीनेही छाती वाजते. त्यामुळे सर्दी नसतानाही, हसताना-खेळताना त्रास होतो का, आई-वडिलांना दमा किंवा मुलाला इसब आहे का, आणि दोन-तीन महिने सूज कमी करणारे औषध दिल्यावर त्रास थांबून ते बंद केल्यावर पुन्हा सुरू होतो का, यांवरून निदान करतात. मात्र कालपर्यंत ठणठणीत असलेल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाची छाती एकाएकी, तीही एकाच बाजूला वाजू लागली, तर प्रथम शेंगदाणा आठवावा. श्वासनळीत अडकलेल्या दाण्यावर आठवडाभर खोकल्याची औषधे चालू राहणे धोक्याचे असते.

नाव घेण्याचा संकोच

कॅनडात दम्याचे निदान झालेल्या ६१३ प्रौढांची पुन्हा काटेकोर तपासणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत सध्या दमा असल्याचा पुरावा मिळाला नाही. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मोजमाप न करता चिकटवलेले लेबल चुकू शकते. आपल्याकडे चूक बहुधा उलट्या दिशेने होते. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असल्याचा, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचा २०१९ सालचा अंदाज आहे. यामागे उशिरा होणारे निदान आणि अपुरे उपचार हे मोठे कारण आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून घरचे ‘दमा’ हा शब्द उच्चारू देत नाहीत, आणि घरच्यांचा चेहरा पाहून डॉक्टरही कागदावर ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’ लिहितात. शब्द सौम्य होतो, पण त्याबरोबर उपचारही सौम्य होतो. सूज कमी करणारा पंप रोज घेण्याऐवजी खोकल्याची बाटली आणि अधूनमधून वाफ एवढ्यावर वर्षे निघून जातात.

तपासणी शक्यतो नियमित औषध सुरू करण्याआधी करावी, असे सांगतात त्याचे कारण या सगळ्यात आहे. सूज कमी करणाऱ्या पंपाने नळ्या महिन्या-दोन महिन्यांत स्थिर होतात, सकाळ-संध्याकाळचे आकडे जवळ येतात आणि मग फुंकण्याच्या तपासणीत बदल दिसेनासा होतो. त्रास तीव्र असेल, बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल किंवा ओठ निळसर पडले असतील तर अर्थातच तपासणीसाठी थांबायचे नसते; तेव्हा आधी उपचार आणि तातडीने रुग्णालय. छातीतील शिट्टी अचानक थांबली आणि माणूस सुस्तावला, तर ते बरे होण्याचे चिन्ह समजू नये, कारण आवाज होण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नसते. एरवी मात्र पहिल्या दिवशीचा, औषधाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख असलेला कागद आणि पीक फ्लोची ती वही फाइलमध्ये जपून ठेवावी. पाच वर्षांनी नवे डॉक्टर ‘तुम्हाला दमा आहे हे कशावरून?’ असे विचारतील तेव्हा तो पुरावा त्याच कागदांत असेल, आणि तोपर्यंत छाती पुन्हा स्वच्छ झालेली असेल.